भिंतीला लागून

फाइव्ह-सीबी नावाचा एक पदार्थ आहे. मे महिन्यात तो अकोल्यात काम करू शकत नाही. नासत नाही, जळत नाही. फक्त ३५ अंशांच्या वर गेला की त्याच्या आतली शिस्त मोडते आणि तो साधा, नितळ, तेलासारखा द्रव होतो. आमच्याकडे मे महिन्यात ३५ अंश सकाळच्या पोह्यांच्या वेळेलाच होतात. ४४ ही बातमी नसते. ४६ झालं की पेपरात येतं.

हा पदार्थ जॉर्ज ग्रे यांनी १९७३च्या सुमारास इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात बनवला. हलमध्ये ३५ अंशांची चिंता करायचं काही कारण नव्हतं. नेहमीच्या तापमानाला टिकणारा, लवकर न बिघडणारा द्रवस्फटिक म्हणून त्याचं कौतुक झालं आणि त्याच्या भाऊबंदांच्या मिश्रणांतून घड्याळं, कॅल्क्युलेटर, पुढे लॅपटॉपचे पडदे आले. तुमचा फोन महागडा असेल तर त्यात आता ओएलईडी असेल, द्रवस्फटिक नसेल. माझ्या बाबांच्या फोनात आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी तो मोटारसायकलच्या टाकीवर उन्हात ठेवला आणि पडद्यावर काळा डाग पसरत गेला. सावलीत आणल्यावर दहा मिनिटांत पडदा जसाच्या तसा झाला. पडद्यातली मिश्रणं फाइव्ह-सीबीपेक्षा बरीच जास्त उष्णता सोसतात, पण वऱ्हाडातल्या दुपारी तापलेली लोखंडी टाकी म्हणजे जरा जास्तच झालं.

द्रवस्फटिक म्हणजे नेमकं काय, हे समजायला आमच्याकडे पुस्तक लागत नाही. बैलगाडीत भरलेल्या पराट्या डोळ्यांपुढे आणा. (पराटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेलं कपाशीचं वाळलेलं झाड, आमचं चुलीचं जळण.) सगळ्या काड्या साधारण एकाच दिशेला तोंड करून असतात, पण कोणती काडी पुढे, कोणती मागे, याला काही नियम नाही. धक्का बसला की एकमेकींवरून सरकतात, दिशा मात्र सोडत नाहीत. रेणू असे राहिले तर त्या अवस्थेला नेमॅटिक म्हणतात. त्याच काड्या कापून सारख्या लांबीच्या केल्या आणि थर लावून रचल्या, तर स्मेक्टिक. थरातल्या थरात हालचाल मोकळी, थर ओलांडणं अवघड. ही नावं १९२२ साली जॉर्ज फ्रीडेल या फ्रेंच माणसानं दिली. स्मेक्टिक हा शब्द ग्रीकमधल्या साबणाच्या, धुण्याच्या शब्दावरून आलाय. साबणदाणीच्या तळाशी जो बुळबुळीत गर साचतो ना, तो याच जातीचा. या शब्दाकडे मला पुन्हा यायचंय.

माझं काम सॉफ्टवेअरचं. इंजिनिअरिंग अमरावतीला केलं, नोकरी पुण्यात. तीन वर्षांपूर्वी पडद्यांची तपासणी करणाऱ्या एका यंत्राचा कोड लिहिताना हा विषय हाताला लागला आणि प्रोजेक्ट संपला तरी सुटला नाही. पडद्यात दोन काचा असतात आणि मधल्या तीन-चार हजार नॅनोमीटरच्या फटीत द्रवस्फटिक. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) काचेवर एक पातळ थर देऊन तो मखमलीसारख्या कापडानं एकाच दिशेनं घासायची पद्धत अनेक वर्षं चालत आली आहे. घासलं की भिंतीला टेकलेले रेणू त्या दिशेला आडवे होतात, त्यांचं बघून शेजारचे, त्यांचं बघून पलीकडचे. फटीत साधारण दोन हजार रेणू एकापुढे एक मावतील एवढी जागा असते, तरी भिंतीचं म्हणणं मधल्यापर्यंत पोचतं. मग मला साधा प्रश्न पडला: भिंती आणखी जवळ आणल्या तर? हजारो नाही, दहा नॅनोमीटर? फाइव्ह-सीबीचा रेणू साधारण दोन नॅनोमीटर लांब. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम पाच रेणू.

याचं उत्तर लोकांनी शोधून ठेवलंय आणि ते मला वाटलं होतं त्यापेक्षा विचित्र आहे.

मोकळ्या भांड्यातला नेमॅटिक तापवला की ठरावीक अंशाला एकदम शिस्त सोडतो. आत्ता आहे, आत्ता नाही. १९७६ साली पिंग शेंग यांनी कागदावर दाखवलं, की भिंती पुरेशा जवळ आणल्या तर हा ‘एकदम’ नाहीसा व्हायला हवा. नंतर सिलिकॉनच्या पातळ चकत्यांत आरपार नळ्या कोरून, त्यांच्या भिंती सिलिकाच्या करून, त्यांत द्रवस्फटिक शोषून घेऊन पाहिलं गेलं. दहा नॅनोमीटरच्या नळीत खरोखर तसंच होतं. तापवत गेलं तर शिस्त हळूहळू कमी होत जाते, आणि भांड्यातला द्रव केव्हाच पूर्ण विस्कटलेला असतो त्या तापमानालाही नळीत भिंतीलगत थोडी शिस्त शिल्लक असते. पूर्ण मोकळेपणा नाही आणि पूर्ण पलटीही नाही. कोणत्या अंशाला बदल झाला, असं विचारलं तर उत्तरच देता येत नाही.

थरांचं, म्हणजे स्मेक्टिकचं, याहून वाईट होतं. भिंत खडबडीत असेल, छिद्रं वेडीवाकडी असतील तर थरांना सरळ पसरायला जागाच मिळत नाही. दिशा टिकते, थर मोडतात. माझा एक मित्र म्हणतो, यात नवल काय, गर्दीत रांग मोडतेच. पण शेगावला दर्शनबारीत उभं राहिलेल्या माणसाला विचारा. मैदानात लोक हवे तसे पसरतात. लोखंडी दांड्यांच्या बारीत सगळ्यांची तोंडं एका दिशेला होतात. दांड्याला टेकलेला म्हातारा जागचा हलत नाही, आणि मधून एखादा पोरगा सटकून चार माणसं पुढे जातो. एकाच बारीत दोन वेग असतात. नळीतही तेच मोजलं गेलंय. विजेचं क्षेत्र उलटसुलट करून रेणू किती पटकन वळतात ते बघतात, तेव्हा दोन टोळ्या सापडतात: मधली, जी साधारण भांड्यातल्या द्रवासारखी वळते, आणि भिंतीला लागलेली, जी कितीतरी मंद आहे. नळी जितकी अरुंद, तितकी दुसरी टोळी मोठी.

रेणूंची चाल मोजायचा दुसरा रस्ता न्यूट्रॉनचा. रेणूवर आपटून परतणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा किंचित बदललेली असते आणि त्या बदलावरून रेणू किती, कसा हलत होता ते काढता येतं. हे आपल्याकडे ट्रॉम्ब्याला होतं. भाभा अणुसंशोधन केंद्रातली ध्रुव अणुभट्टी १९८५ साली सुरू झाली, आणि तिथे झिओलाइटच्या नॅनो-छिद्रांत अडकवलेल्या प्रोपेनसारख्या वायूच्या रेणूंची चाल मोजली गेली आहे. झिओलाइट म्हणजे आतून मधाच्या पोळ्यासारखं पोकळ खनिज. प्रयोगशाळेत बनवतात, पण निसर्गातलं पाहायचं तर जगभरचे हौशी लोक महाराष्ट्रातले नमुने मागवतात, कारण आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत ते भरपूर सापडतं. हाच पाषाण झिजून आमची काळी माती झाली. मातीकडे येतेच, पण त्याआधी एका माणसाबद्दल सांगायला हवं.

शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे नाव मी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. (तारेवाले, नोबेलवाले चंद्रशेखर वेगळे.) हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. १९५१ साली त्यांनी नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं. अमरावती विद्यापीठ १९८३ साली वेगळं निघालं. त्याआधी अमरावती-अकोल्याची कॉलेजं नागपूरलाच जोडलेली होती. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीतल्या अमरावतीच्या पदवीवर जो शिक्का, तोच यांच्या पदवीवर. मला उगाच बरं वाटलं. १९७१ साली त्यांनी बंगळुरूला रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली, आणि १९७७ साली सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांबरोबर ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात एक छोटा लेख छापला. तोवर द्रवस्फटिक म्हणजे काडीसारखे रेणू, असंच जग धरून चाललं होतं. यांनी दाखवलं की चपटे, तबकडीसारखे रेणूही द्रवस्फटिक होतात. ते एकावर एक बसतात आणि खांब तयार होतात. भाकऱ्यांची चवड, आणि अशा चवडींच्या रांगा.

त्याच चपट्या घराण्यातला एक रेणू जर्मनीतल्या संशोधकांनी नॅनो-नळ्यांत भरला. २०१८ साली ते काम छापून आलं आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच आहे. मोकळ्या द्रवात चवड सरळ उभी राहते. नळीत भिंतीनं तिला वाकवलं, आणि ती वाकता वाकता स्वतःचंच शेपूट धरून बसली: गोल कडं झालं. थंड करत गेलं की पहिलं कडं भिंतीला लागून तयार होतं, आणखी थोडं थंड केलं की त्याच्या आत दुसरं, मग तिसरं. प्रत्येक कड्याचं आपलं तापमान. आतलं कडं लहान, म्हणून त्याला जास्त वाकावं लागतं, म्हणून त्याला जास्त थंडी लागते. बाहेर जो बदल एका झटक्यात होतो, तो आत पायऱ्या-पायऱ्यांनी होतो, आणि पहिली पायरी नेहमी भिंतीजवळ.

आता माती.

आमची सहा एकर शेती दर्यापूरकडे आहे, खारपाणपट्ट्यात. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला शेकडो गावांचा पट्टा, जिथे विहिरीचं पाणी खारं असतं. जमीन भारी, काळी, खोल. उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की वासराचा पाय जाईल. पावसाळ्यात त्याच भेगा मिटून शेत चिखलाचं एकसंध पाट होतं. शेती पावसावर आणि जमिनीतल्या ओलीवर: कपाशी, तूर, मूग, हरभरा.

हे फुगणं-आकसणं ज्या खनिजामुळे होतं त्याच्या गटाचं नाव स्मेक्टाइट. मी शब्दाकडे परत येईन म्हटलं होतं ते यासाठी. स्मेक्टिक आणि स्मेक्टाइट या शब्दांचं मूळ एकच, धुण्याचं. ग्रीक लोक असल्या मातीनं कपड्यांची चरबी काढत. माझी आजी काळ्या मातीनं केस धुवायची. नावापलीकडेही नातं आहे. स्मेक्टाइट म्हणजे साधारण एक नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांची थप्पी. अशा पापुद्र्यांचं पाण्यातलं पातळ मिश्रण स्वतःच द्रवस्फटिकासारखं वागतं, हे लँगम्यूर यांनी १९३८ सालीच नोंदवलं होतं. आणि दोन पापुद्र्यांमध्ये जी फट असते ती दहा नॅनोमीटरचीही नसते. तिथे पाणी शिरतं ते थरांनी: आधी रेणूंचा एक थर, मग दुसरा, मग तिसरा, आणि प्रत्येक थराला थप्पी ठरावीक मापानं उचलली जाते. तेच पायऱ्यांचं प्रकरण. त्या थरांतलं पाणी ओतलेल्या पाण्यासारखं वाहत नाही. त्याचे रेणू खूप मंद हलतात, भिंतीला लागलेले असतात.

शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅममध्ये सगळ्या पापुद्र्यांच्या दोन्ही बाजू मिळून ७०० ते ८०० चौरस मीटर भिंत असते. दिवाळीत घरी हे सांगितलं तर बाबांनी लगेच हिशेब लावला. “म्हंजे सात-आठ गुंठे? एका ग्रॅमात? मंग आपल्या सहा एकराचं किती झालं वं?” मी म्हटलं, बाबा, तेवढा सातबारा कोणी छापत नाही. ते हसले, पण नंतर गंभीर होऊन जे बोलले ते मी पेपरांत वाचलेल्या सगळ्यापेक्षा नेमकं होतं: “वल असते. हातात ढेकूळ घेतलं की समजते. पन झाडाले देत नाई ते माती.” भारी जमिनीत पीक मान टाकतं तेव्हाही पाणी बरंच असतं. ते भिंतीला लागलेलं असतं आणि मुळाला ओढता येत नाही.

दिवाळीत हा विषय निघाला तो दादामुळे. शेजारच्या शेतात बोअर पडली, खाऱ्या पाण्यावर स्प्रिंकलर लावून हरभरा काढला आणि आमच्यापेक्षा चांगला काढला. दादाचं म्हणणं, आपणही घ्यावी. पैसे माझ्या बचतीतले, दोन वर्षांचे. “त्याईच्या हरभऱ्याले काई झालं का? उलट जास्त झाला,” तो म्हणाला. त्याचं डोळ्यांनी पाहिलेलं खरंच होतं, आणि म्हणूनच वाद अवघड होता.

पापुद्र्यांच्या भिंतीवर ऋण भार असतो, म्हणून फटीत धन भाराचे कण बसलेले असतात. कॅल्शियम असेल तर त्याच्या दोन भारांनी ते दोन्हीकडचे पापुद्रे धरून ठेवतं. पाणी दोन-तीन थरांपर्यंत शिरतं आणि फुगणं थांबतं. सोडियमला एकच भार. त्याला धरून ठेवणं जमत नाही. गोडं पाणी मिळालं की पापुद्रे एकमेकांपासून दूर जात राहतात आणि शेवटी सुटे होऊन पाण्यात तरंगतात, मातीची बारीक छिद्रं बुजवतात. वरचं पाणी खाली उतरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, वर कडक पापडी. खारपाणपट्ट्यातल्या मातीत कॅल्शियम नाही असं नाही. चुनखडीच्या खड्यांच्या रूपात ढिगानं आहे. कोरड्या हवेत ते चुना होऊन बाजूला पडतं आणि फटीतल्या जागा सोडियमला मोकळ्या होतात, असं नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्यूरोच्या अभ्यासकांनी मांडलंय. त्यांचं आणखी एक म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. पुस्तकं १५ टक्के सोडियम ही धोक्याची रेघ मानतात, पण या खोऱ्यातल्या मातीचं बिघडणं त्याच्या बरंच आधी सुरू होतं. भिंत एवढी असली की रेघ कुठे मारणार?

आणि दादानं पाहिलेल्या हरभऱ्याचं उत्तर इथेच आहे. बोअरचं पाणी नुसतं सोडियमचं नसतं, खारं असतं; आणि खारं पाणी जवळ असेपर्यंत पापुद्रे दबून राहतात. माती चांगली दिसते, पाणी मुरतं, पीक येतं. पावसाळ्यात गोडं पाणी येऊन वरचा खार धुऊन नेतं, पण भिंतीला लागलेलं सोडियम जागेवर राहतं. मग थप्पी सुटते. पहिल्या वर्षी थोडी, दुसऱ्या वर्षी आणखी. अमुक दिवशी जमीन गेली असं कुणाला सांगता येणार नाही.

हे सगळं मी दादाला वऱ्हाडीत समजावलं, कारण पुण्याची मराठी काढली की तो ऐकणं बंद करतो. त्यानं एकच विचारलं, “तुले दाखवता येते का?”

येतं. काचेच्या तीन बाटल्या घेतल्या. तिन्हीत शेतातल्या खालच्या थरातलं सुपारीएवढं ढेकूळ टाकलं. एकीत छपराचं साठवलेलं पावसाचं पाणी, दुसरीत शेजारच्या बोअरचं, तिसरीत पावसाच्याच पाण्यात चमचाभर जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. हलवायचं नाही, नुसतं ठेवून द्यायचं. सकाळी पहिल्या बाटलीत ढेकळाभोवती दुधाळ ढग होता. तोच, सुट्या पापुद्र्यांचा. बोअरच्या पाण्यातलं ढेकूळ स्वच्छ पाण्यात तसंच बसलेलं, जिप्समवालंही तसंच. दादा बोअरच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाला, “पाय, चांगली हाय ना?” मी त्या बाटलीतलं पाणी हळूच ओतून दिलं आणि पावसाचं भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदललं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तो खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

आईला त्या बाटल्या खिडकीतून हलवायच्या होत्या, बाबांनी हलवू दिल्या नाहीत. अकोल्याला दिलेल्या माती तपासणीत सोडियम पंधराच्या खाली आणि पाचाच्या वर निघालं. बाबांचा कल आता शेततळ्याकडे आहे. या पट्ट्यात खाली अस्तर न टाकताही तळ्यात पाणी थांबतं, कारण सुटलेले पापुद्रे तळाची छिद्रं स्वतःच बुजवतात. पिकाला नडणारी गोष्ट तळ्याला उपयोगी पडते, याची बाबांना फार गंमत वाटते. तळ्यात अर्धा एकर जातो म्हणून दादा अजून कुरकुरतोय. बोअरवाल्याला नाही म्हटलेलं नाही, अक्षय तृतीयेनंतर ये एवढंच सांगितलंय. तोवर दादा दर्यापुरात जिप्समच्या गोण्यांचा भाव काढून आला, आणि पावती माझ्या व्हॉट्सॲपवर टाकली, खाली काही न लिहिता.